बंद दुकान रिकामे नसते

तालुक्याच्या कोणत्याही जुन्या बाजारपेठेतून चक्कर मारली की एखादे तरी बंद किराणा दुकान दिसतेच. शटरला गंज चढलेला, पाटीवरचा रंग उडालेला, पायरीवर भाजीवाली बसलेली. मालक वारला आणि मुले शहरात गेली, भावाभावांत वाटणीचा वाद सुरू झाला, उधारी वाढून धंदा बसला किंवा पुराचे पाणी शिरले. कारणे वेगवेगळी असतात. लोक त्याला ‘बंद पडलेले दुकान’ म्हणतात आणि पुढे जातात. बंद म्हणजे रिकामे, असे गृहीत धरलेले असते.

प्रत्यक्षात बहुतेक दुकाने पूर्ण रिकामी करून बंद होत नाहीत. चांगला माल विकला जातो किंवा घरी नेला जातो. मागे उरतात तळाची दोन-चार पोती, फुटलेले डाळीचे पुडे, अर्धा डबा तेल, गुळाची ढेप आणि पोटमाळ्यावरचे बारदान. त्याच फळ्यांवर उंदीर मारायचे औषध, झुरळांची पावडर, संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडरही असते. दुकान चालू असताना या सगळ्यावर कोणाची तरी नजर असे. रोज झाडू फिरत असे, भिजलेले पोते बाजूला निघत असे. शटर खाली आले की ही नजर संपते. खाणे, विष आणि प्राणी एका बंद खोलीत उरतात. पुढे त्यांचे काय होते, हे महाराष्ट्राने एकदा फार जवळून पाहिले आहे.

मामला गावची आठवण

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. भूकंपाची धास्ती आसपासच्या जिल्ह्यांतही पसरली. बीड जिल्ह्यातील मामला या गावी लोक जुनी घरे सोडून बाहेरच्या निवाऱ्यात राहू लागले. माणसे बाहेर आली, पण धान्य जुन्या घरांतच राहिले. पुढचे कित्येक महिने त्या घरांत उंदरांना हटकणारे कोणी नव्हते.

1994 च्या ऑगस्टच्या सुरुवातीला गावात उंदीर मरून पडू लागले आणि पिसवांचा त्रास वाढला. महिनाअखेरीस काखेत आणि जांघेत गाठ येऊन तापाने फणफणलेले रुग्ण दिसू लागले. जुन्या पिढीने ज्याला ‘गाठीचा ताप’ म्हटले, तो प्लेग अनेक दशकांनी परतला होता. त्याच सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचा उद्रेक झाला आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. देशभरात त्या साथीत पन्नासहून अधिक मृत्यू नोंदले गेले.

हा क्रम समजून घेण्यासारखा आहे. प्लेगचा जिवाणू उंदरांत असतो आणि उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमार्फत पसरतो. उंदीर मेला की पिसू थंड पडलेले शरीर सोडते आणि दुसरे ऊबदार शरीर शोधते. ते माणसाचेही असू शकते. म्हणूनच ‘उंदीर पडले’ हा शब्दप्रयोग आजी-आजोबांच्या तोंडी धोक्याचा इशारा म्हणून असे. 1896 साली मुंबईत प्लेग पहिल्यांदा आढळला तो मांडवीत, बंदराला लागून असलेल्या धान्याच्या गोदामांच्या भागात. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तिथल्या रुग्णांवरून त्याचे निदान केले. त्यात पिसवांचा हात आहे हे पॉल-लुई सिमोंड यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवले. मांडवी आणि मामला यांच्यात जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे, पण दोन्हीकडे धान्य, उंदीर आणि पिसवा हेच त्रिकूट होते.

आज महाराष्ट्रात प्लेगची भीती बाळगण्याचे कारण नाही. पण उंदराचे गणित बदललेले नाही. एक मोठा उंदीर दिवसाला साधारण 25 ग्रॅम धान्य खातो. या हिशेबाने 50 किलोचे एक विसरलेले पोते एका उंदराला पाच वर्षांहून अधिक पुरते, दहा उंदरांना सुमारे दोनशे दिवस. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा ते बारा पिल्ले होतात आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. पोते संपले की ही सगळी फौज शेजारच्या चालू दुकानात, खानावळीत आणि घरात शिरते. बंद दुकानाचा पहिला त्रास शेजाऱ्याला होतो तो असा.

कोरडी लेंडी, ओली जमीन

उंदरांपासून आपल्याकडे सर्वांत जास्त भीती आहे ती लेप्टोस्पायरोसिसची. उंदराच्या लघवीतून हे जिवाणू बाहेर पडतात. कोरड्या, तापलेल्या फरशीवर ते लवकर मरतात. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात मात्र आठवडेच्या आठवडे टिकतात. त्यामुळे एप्रिलमधले बंद दुकान आणि जुलैमधले बंद दुकान यांत मोठा फरक असतो. छप्पर गळू लागले, गटार तुंबून पाणी उंबऱ्याच्या आत आले की तीच जागा रोगाचे डबके होते. 26 जुलै 2005 च्या मुंबईतील महापुरानंतर लेप्टोचे रुग्ण कसे वाढले, ते अनेकांना आठवत असेल.

जिवाणू शिरतो तो पायाच्या भेगांतून, हाताच्या ओरखड्यातून, डोळ्यांच्या किंवा तोंडाच्या ओल्या त्वचेतून. म्हणून अशी जागा साफ करायला अनवाणी उतरणारा हमाल, भंगार वेचणारा मुलगा आणि सफाई कामगार यांना धोका सर्वांत जास्त. दुकान कोणाचे, वाद कोणाचा आणि ताप कोणाला, असे याचे स्वरूप असते. आजाराची चिन्हे साधारणतः 5 ते 14 दिवसांनी दिसतात. कधी महिनाही लागतो. थंडी वाजून ताप, डोळे लाल होणे आणि पोटऱ्या इतक्या दुखणे की हात लावू देववत नाही, ही ओळखीची खूण. पुढे कावीळ होते, लघवी कमी होते. सुरुवातीलाच प्रतिजैविके मिळाली तर रुग्ण सहज बरा होतो. मूत्रपिंडे बंद पडल्यावर आला तर तीच लढाई फार अवघड होते.

‘टाकायचे कशाला?’

दुकान उघडल्यावर पहिला मोह होतो तो धान्य वाचवण्याचा. अन्न टाकणे आपल्या मनाला पटत नाही. वरचा थर काढून खालचे चाळून घेऊ, ऊन दाखवू, शेंगदाणे भाजून कूट करू, नाहीतर गरिबाला देऊन टाकू, असे विचार येतात. सोंडे आणि पोरकिडे डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांची किळस वाटते. पण खरा धोका त्यांचा नाही.

ओल लागलेल्या शेंगदाण्यावर, मक्यावर आणि डाळीवर अस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. बुरशी झटकून टाकली तरी विष दाण्यात राहते. ते भाकरी भाजून किंवा डाळ शिजवून नष्ट होत नाही. 1974 साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत आदिवासी कुटुंबांनी अवेळी पावसात भिजलेला, बुरशी धरलेला मका खाल्ला. शेकडो लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी भरले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्याच घरांतले उष्टे खाणारे कुत्रेही तशाच आजाराने पडले. इतका मोठा डोस क्वचितच पोटात जातो. पण थोडे थोडे अफ्लाटॉक्सिन वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात तो आणखी जास्त असतो.

म्हणून बंद दुकानातले सुटे धान्य, पीठ, शेंगदाणे, खोबरे आणि मसाले वाचवू नयेत. गुरांना आणि कोंबड्यांनाही घालू नयेत. दुभत्या जनावराने असा चारा खाल्ला तर विषाचा अंश दुधात उतरतो. फुगलेला डबा उघडून वास घेऊ नये. गरिबाला फुकट दिलेले सडके धान्य हे दान नव्हे.

शेजारी ठेवलेले विष

किराणा दुकानात अन्न आणि विष एकाच छताखाली असतात. चालू दुकानात मालकाला ठाऊक असते की कोणती बरणी कशाची. बंद दुकानात लेबल उंदरांनी खाल्लेले असते, चिठ्ठी गळून पडलेली असते. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात शाळेतील मध्यान्ह भोजन खाऊन 23 मुले मृत्युमुखी पडली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. अन्न आणि औषध यांच्यातील सीमा पुसली गेली की काय होते, याचे याहून भीषण उदाहरण शोधावे लागत नाही. अनोळखी डब्यातील तेल, ओळख न पटणारी पांढरी पावडर किंवा बिननावाचे मीठ वापरात आणण्याचा प्रश्नच येऊ नये.

त्यातही तीन गोष्टी स्वतंत्रपणे सांगायला हव्यात. पहिली, धान्यात ठेवायच्या राखाडी गोळ्या, ज्यांना अनेकजण सरसकट ‘सल्फास’ म्हणतात. त्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाइड असते. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि किडे मरतात. माणूसही मरू शकतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम फॉस्फिन निघतो. त्याला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, पण वास आला नाही म्हणजे वायू नाही असे समजता येत नाही. या विषावर उतारा नाही. रुग्णालयात फक्त हृदय, रक्तदाब आणि श्वास सांभाळता येतो. पोत्यांच्या खाली अशा गोळ्या किंवा राखाडी भुकटी दिसली तर तिच्यावर पाणी ओतू नये, हात लावू नये आणि पिशवीत घट्ट बांधूनही ठेवू नये. बाहेर यावे आणि परवाना असलेल्या कीडनियंत्रण करणाऱ्याला बोलवावे.

दुसरी गोष्ट उंदीर मारायच्या औषधांची. पिठाच्या गोळ्यांत मिसळलेली काळी पावडर म्हणजे झिंक फॉस्फाइड. पोटातील आम्लाशी मिळून तीही फॉस्फिन सोडते. पिवळ्या फॉस्फरसचे मलम अधिक फसवे आहे. ते पोटात गेलेला माणूस उलट्या थांबल्यावर एक-दोन दिवस बरा दिसतो, घरचे निर्धास्त होतात आणि मग यकृत निकामी होऊ लागते. खेळता खेळता मुलाने असले काही तोंडात घातल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि पाकीट सोबत न्यावे.

तिसरी गोष्ट सफाईच्या सामानाची. दुकानातच सापडलेले ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करून फरशी धुण्याची कल्पना अनेकांना सुचते. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो फुप्फुसांना भाजून काढतो.

कोंडलेली हवा

जुन्या मराठीत ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आहे. जमिनीत खोदलेल्या पेवात ज्वारी वर्षानुवर्षे टिकत असे आणि सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, हा शहाणपणा शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. धान्यही श्वास घेते. बंद जागेत ते प्राणवायू संपवते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. जुन्या दुकानाचे तळघर किंवा खिडकी नसलेली मागची धान्यखोली ही पेवाचीच धाकटी बहीण समजावी. आत गेलेला माणूस कोसळला तर त्याला काढायला धावत आत शिरणारा दुसराही कोसळतो. अशा वेळी अग्निशमन दलालाच बोलवावे.

हवेत तरंगणारी धूळ हाही एक भाग आहे. बुरशीचे बीजाणू, पोत्यांतील सूक्ष्म किडे आणि छपरात राहणाऱ्या पारव्यांची वाळलेली विष्ठा झाडूच्या एका फटकाऱ्याने हवेत उडते. दमेकऱ्याला त्यातून जोराचा झटका येतो. काहींना सहा-आठ तासांनी ताप, खोकला आणि दम लागतो आणि तो न्यूमोनिया समजला जातो. मधुमेह ताब्यात नसलेले, कर्करोगाचे उपचार चालू असलेले आणि अवयवरोपण झालेले यांनी या कामाच्या जवळपासही जाऊ नये. 2021 मध्ये ‘काळ्या बुरशी’ने मधुमेहींची काय अवस्था केली, हे अजून कोणी विसरलेले नाही.

बाकी पाहुणे ठरलेले असतात. उंदरांच्या मागे साप येतात. मण्यार चावल्याचे कित्येकदा कळतही नाही. फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, फुटक्या बादलीत, मागच्या अंगणातील टाकीत डेंग्यूचे डास अंडी घालतात आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहून पहिल्या पावसात फुटतात. दुकानामागे माजलेल्या झुडपांत स्क्रब टायफस पसरवणारे बारीक किडे असू शकतात. ताप आणि अंगावर सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली, ही त्याची खूण.

शटर उघडण्याचा क्रम

या सगळ्याला घाबरून दुकान आणखी दहा वर्षे बंद ठेवणे हा उपाय नव्हे. उघडायचेच आहे, पण क्रमाने. सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे अर्धा दिवस वेळ.

शक्यतो कोरड्या दिवसांत, उजेडात आणि एकट्याने नव्हे तर दोघांनी जावे. गॅसचा वास नाही ना, ते पाहावे आणि मीटरकडून वीज बंद करावी. उंदरांनी तारा कुरतडलेल्या असतात. शटर आणि मागचे दार उघडून निदान अर्धा तास बाहेर थांबावे, कोंदट गोदाम असेल तर त्याहून बराच जास्त वेळ. मग बॅटरीच्या उजेडात, काहीही न हलवता, एक फेरी मारावी. साप आहे का, गोळ्या किंवा राखाडी भुकटी आहे का, ॲसिडची बाटली फुटली आहे का, हे आधी पाहावे. ही फेरी चुकवू नये. कारण लेंड्या ओल्या करूनच काढायच्या असतात आणि फॉस्फाइडला मात्र पाणी लावायचे नसते. आधी काय आहे ते कळले नाही तर एक बरोबर नियम दुसरा अपघात घडवतो.

विष नाही याची खात्री झाल्यावर गमबूट, रबरी हातमोजे आणि एन-95 मास्क घालून कामाला लागावे. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. कोरडा झाडू मारू नये. ताज्या ब्लीचिंग पावडरचे द्रावण (एक लिटर पाण्यात साधारण 15 ग्रॅम) लेंड्यांवर आणि मेलेल्या उंदरांवर शिंपडून पाच-दहा मिनिटे थांबावे आणि मग ओल्या फडक्याने उचलावे. दुकानात सापडलेली जुनी ब्लीचिंग पावडर वापरू नये. ठेवून ठेवून तिची ताकद गेलेली असते. पोत्यात हात घालू नये, पोते आधी काठीने हलवावे. मरून पडलेले उंदीर जास्त संख्येने दिसले तर काम थांबवून नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मार्फत आरोग्य विभागाला कळवावे. मामल्यात पहिला इशारा उंदरांनीच दिला होता.

मजूर लावले असतील तर बूट आणि हातमोजे देणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे. पायाला भेगा किंवा जखम असलेल्याला ओल्या जागेत उतरवू नये. पाणी शिरलेल्या जागेत काम झाले असेल तर लेप्टो टाळण्याचे औषध घ्यायचे की नाही, हे जवळच्या आरोग्य केंद्रात विचारावे. ते आपल्या मनाने घेऊ नये. पुढच्या महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना ‘बंद दुकान साफ केले होते’ एवढे एक वाक्य आवर्जून सांगावे. ताप सगळेच सांगतात, हे वाक्य बहुतेक जण सांगायचे राहतात. त्यामुळे तपासणी कोणती करायची आणि औषध कधी सुरू करायचे, हे ठरण्यात मोलाचे दोन दिवस वाचतात.

हा सगळा खटाटोप टाळायचा असेल, तर त्याचा दिवस दुकान उघडण्याचा नसून बंद करण्याचा असतो. शेवटच्या दिवशी एकही पोते, एकही पुडा मागे ठेवायचा नाही. विषारी औषधे मोजून, नावानिशी बाहेर काढायची. फ्रिज रिकामा करून दार उघडे ठेवायचे, भांडी पालथी घालायची, बिळे आणि गटाराची तोंडे जाळी लावून सिमेंटने बुजवायची. किल्ली आणि फोन नंबर शेजाऱ्याकडे द्यायचा. वाटणीचा वाद कोर्टात असेल तर माल कोणाचा हे ठरेपर्यंत वर्षे जातील. पण आतले धान्य काढून टाकण्यापुरती सहमती भावाभावांना पहिल्याच आठवड्यात करता येते. दुकानाची किंमत त्याने एका रुपयानेही कमी होत नाही.